'ब्लास्टप्रूफ' भिंत घेण्याआधी : नाशिकच्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
सातपूर, अंबड, गोंदे आणि मुसळगाव इथल्या कारखानदार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

देवळालीच्या रेंजवर तोफा धडधडू लागल्या की विहितगावातल्या आमच्या घराची तावदानं थरथरतात. लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे दचकत नाही. पण तावदान थरथरलं की माझं लक्ष हमखास खिडकीखालच्या भिंतीकडे जातं. ही खोड मला १९९७ साली लागली. कशी ते पुढे सांगतो.

पत्राचं निमित्त आहे एक पत्रक. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी तिघांनी मला तेच पत्रक पाठवलं आणि तोच प्रश्न विचारला, "हे घेऊ का?" पत्रकावर राखाडी भिंत, तिच्यामागे आगीचा लोळ, पुढे हेल्मेट घातलेला हसरा इंजिनियर. वर ठळक अक्षरांत 'ब्लास्टप्रूफ'. खाली बारीक अक्षरांत हाय स्ट्रेंग्थ फायबर काँक्रीट, बॉयलर रूमला आठ दिवसांत बसवून देऊ, वगैरे. तिघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच लिहावं म्हटलं.

सातपूरला माझी काँक्रीट तपासायची लहानशी लॅब आहे. ३४ वर्षं क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे, मशिनमध्ये दाबून फोडतोय. तुमच्यातल्या पुष्कळांच्या शेडच्या फुटिंगचे रिपोर्ट माझ्या सहीने गेलेत. मी काही विकत नाही आणि फायबर काँक्रीटच्या, म्हणजे बारीक तारा किंवा धागे मिसळलेल्या काँक्रीटच्या, विरोधातही नाही. उलट या मालाचा मला जरा जास्तच कौतुकमिश्रित नाद आहे, हे पुढे दिसेलच. माझं भांडण त्या 'प्रूफ' शब्दाशी आहे, आणि थोडं तुमच्या प्रश्नाशीही. "हे घेऊ का" हा दुसरा प्रश्न झाला. पहिला असा, की स्फोट झालाच तर त्या क्षणी भिंतीच्या अलीकडे कोण बसलेलं असेल?

आता १९९७ चं. लॅबवर भागत नव्हतं म्हणून मी तेव्हा लहानसहान बांधकामंही घ्यायचो. आदल्या वर्षी सातपूरच्याच एका कारखान्यात कॉम्प्रेसरची खोली बांधून दिली होती. नऊ इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी गिलावा, वर पत्रा. नकाशावर सही माझीच. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दुपारी छान सावली पडायची. मालकाने तिथे पोरांना डबा खायला बाकडं टाकून दिलं. भल्या मनाने टाकलं होतं. वर्षभराने एका दुपारी सव्वाबाराला हवेची टाकी फुटली. तळाशी पाणी साचून आतून पत्रा खाल्ला गेला होता. ड्रेन कॉक उघडायचं काम सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नव्हतं. जेवणाची सुट्टी साडेबाराची. म्हणून बाकड्यावर एकच जण होता, भूक लागली म्हणून पंधरा मिनिटं आधी येऊन बसलेला.

मी पोचलो तेव्हा त्याला हलवलं होतं. बाकडं उलटं पडलेलं. स्टीलच्या डब्याचा एक खण चपटा होऊन त्यात अर्धी वीट रुतून बसली होती आणि विटेला मेथीची भाजी चिकटलेली होती. भिंतीला मधोमध दार काढल्यासारखं भगदाड. विटा पार समोरच्या कंपाउंडपर्यंत गेलेल्या. तो माणूस वाचला, पण डावा हात पुन्हा कामाचा राहिला नाही. टाकीचा एकही तुकडा त्याला लागला नव्हता. लागल्या त्या विटा. म्हणजे मी लावलेल्या.

नंतर बसून हिशेब केला. एक हजार लिटरची टाकी, चौरस सेंटिमीटरला आठ किलो प्रेशर. ती एकदम फुटली तर आतली हवा जेवढी ताकद बाहेर टाकते ती साधारण पाव किलो टीएनटी या स्फोटकाएवढी भरते. पाव किलो म्हणजे चहाच्या पुड्याएवढं. अशी टाकी तुमच्यातल्या बहुतेकांच्या शेडमागे उभी आहे. बॉयलरची गोष्ट वेगळीच. तिथे आत तापलेलं पाणी असतं. भांडं फाटून दाब एकदम उतरला की त्यातलं काही पाणी जागच्या जागी वाफ होतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा मागते.

तर भिंत अशी का उडाली? आपण भिंत बांधतो ती वरचं वजन पेलायला. वजन सावकाश येतं आणि ठाण मांडून बसतं. स्फोटाचा धक्का तसा नसतो. तो काही मिलिसेकंदांत येऊन जातो. भिंतीला वाकून सावरायला लागणारा वेळ त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणजे भिंत हलायला लागते तेव्हा स्फोट संपलेलाही असतो. तिला बसलेला असतो तो फक्त टोला. त्यात लाट भिंतीवर आपटून परत फिरते, तेव्हा भिंतीच्या तोंडावरचा दाब मोकळ्या हवेतल्या लाटेच्या निदान दुप्पट होतो. जवळून बसला तर त्याहून पुष्कळ जास्त. हा टोला जिरवायचे दोनच मार्ग. एक, भिंत इतकी वजनदार करायची की ती फारशी हलूच नये. दुसरा, हलली, वाकली, तडकली तरी तिचे तुकडे सुटू द्यायचे नाहीत. विटेच्या भिंतीला दुसरा मार्ग ठाऊकच नाही. वीट आणि मसाल्याचा सांधा ओढ सोसत नाही.

आणि नुसतं काँक्रीटही सोसत नाही, हे आपण विसरतो. काँक्रीट म्हणजे खडू. उभा धरून दाबा, सहज मोडणार नाही. आडवा धरून वाकवा, काडकन दोन तुकडे. काँक्रीट दाबाला जेवढं सोसतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढंच ओढीला सोसतं. म्हणून तर आपण सळई घालतो. पण सळया वीत-वीत अंतरावर असतात आणि त्यांच्या बाहेर चाळीसेक मिलिमीटर कव्हर असतं, ज्यात लोखंडाचा कणही नसतो. स्फोटाची लाट काँक्रीटमधून सेकंदाला तीन-चार किलोमीटर वेगाने पलीकडच्या अंगाला पोचते. जाताना ती दाबत जाते. मागच्या पृष्ठभागावरून परतताना मात्र तीच लाट ओढ होऊन परतते. ज्या गोष्टीला काँक्रीट सगळ्यात कच्चं, तीच त्याच्या वाट्याला येते, आणि तीही नेमकी कव्हरमध्ये. मग समोरून भिंत धडधाकट दिसते आणि मागच्या अंगाने ताटाएवढे पापुद्रे सुटून खोलीत उडतात. माणूस मागेच बसलेला असतो.

इथे बरेच जण म्हणतात, मग आपण भारी ग्रेड टाकू. एम ३० ऐवजी एम ८०. (हा आकडा म्हणजे काँक्रीटची दाब सोसायची ताकद, एमपीए या मापात.) माझ्या लॅबमध्ये येऊन बघा काय होतं. साधा एम २५ चा क्यूब मशिनमध्ये दबत गेला की चारी बाजूंनी खपल्या सुटतात आणि मध्ये डमरूच्या आकाराचा तुकडा उरतो. कुरकुर करत, सांगून सवरून जातो बिचारा. एम ८० चा क्यूब काही सांगत नाही. काटा चढत राहतो, क्यूब गप्प, आणि एका क्षणी बंदुकीसारखा बार होऊन जाळीवर खडे आदळतात. नव्या पोरांच्या हातातला पेन खाली पडतो. ताकद वाढली तसा तो ठिसूळही झाला. स्फोटासमोर नुसतं भारी ग्रेड टाकणं म्हणजे तेच शंभर खडे कामगाराच्या बाजूला जास्त जोरात मारणं.

फायबरचं महत्त्व इथे आहे. ही काही परदेशी जादू नाही. पीओपीच्या गणपतीच्या मूर्तीत कारागीर साच्यात काथ्या का दाबतो ते आठवा. मूर्तीला हिसका बसला की पीओपी तडकतं, पण सोंड गळून पडत नाही, काथ्याला धरून लोंबत राहते. आपल्या आज्या कुडाच्या भिंती लिंपताना मातीत भुसा मिसळायच्या, तेही त्यासाठीच.

दोन वर्षांपूर्वी हौसेने मी लॅबमध्ये अल्ट्रा हाय परफॉर्मन्स म्हणतात तसल्या काँक्रीटचा एक घाणा करून पाहिला. या जातीच्या काँक्रीटचा पाया १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये घातला गेला. त्यात खडी नाहीच. सिमेंट, मायक्रोसिलिका, बारीक वाळू, क्वार्ट्झची पूड, भरपूर ऍडमिक्स्चर (कमी पाण्यातही काँक्रीट वाहतं ठेवणारं रसायन) आणि पाणी इतकं कमी की सिमेंटच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. पहिली दहा मिनिटं मिक्सरमध्ये कोरडी भुकटीच फिरत होती. माझा मदतनीस म्हणाला, "सर, हे काही भिजत नाही, लिटरभर टाकू का?" त्याचा हात धरून ठेवावा लागला. अकराव्या-बाराव्या मिनिटाला एकाएकी सगळं वळलं आणि काकवीसारखं वाहायला लागलं. मग त्यात फायबर सोडलं. पितळी मुलाम्याच्या पोलादी तारा, १३ मिलिमीटर लांब, ०.२ मिलिमीटर जाड. डोक्यावरच्या केसाच्या दोन-तीन पट जाड. आकारमानाने दोन टक्के, म्हणजे घनमीटरला १५७ किलो.

क्यूब शंभर मिलिमीटरचे भरले. नेहमीचा दीडशेचा भरला असता तर माझं दोनशे टनी मशीनच कमी पडलं असतं. त्या शंभर मिलिमीटरच्या एका क्यूबमध्ये किती तारा बसल्या याचा हिशेब केला तर साधारण ४९ हजार आल्या. कव्हर, कोपरा, मध्य, सगळीकडे. जिथे बारीक तडा जाईल तिथे त्याला आडव्या काही तारा आहेतच.

२८ दिवसांनी तो मशिनवर घेतला. जाळी बंद केली, सवयीने दोन पावलं मागे झालो. काटा १४० टनांच्या पुढे गेल्यावर आतून टिक-टिक ऐकू यायला लागलं, पावसाळ्याच्या तोंडी पत्र्यावर पहिले थेंब पडावेत तसं. काटा थांबला, मग हळूहळू उतरायला लागला. बार झाला नाही. जाळी उघडली तर क्यूब अंगभर केसासारख्या तड्या घेऊन जागेवर उभा. उचलून टेबलावर ठेवला तरी एक खपली सुटली नाही. नंतर त्याच मालाचा बीम वाकवला. साधा बीम खडूसारखा मोडतो. हा वाकत गेला, खाली तोंड उघडलं, आणि त्या फटीत डोकावून पाहिलं तर शेकडो तारा दोन्ही काठ धरून ताणलेल्या. मोडलेल्या जवळजवळ नव्हत्याच. काँक्रीटमधून घासत, सरकत बाहेर येत होत्या. सगळी मख्खी त्या घासण्यात आहे. तार तुटली तर एका क्षणात खेळ संपतो. तार उपटत गेली तर प्रत्येक तार उपटायला ताकद खर्च होते, आणि स्फोटाने दिलेली ताकद हजारो तारांच्या घासण्यात जिरते.

हे माझ्या टेबलावरचं. खऱ्या स्फोटासमोरही असल्या मालाची परीक्षा झालेली आहे. २००४ साली ऑस्ट्रेलियात वूमेराच्या उजाड चाचणीतळावर सहा टन टीएनटीच्या तोडीचा स्फोट केला होता आणि त्यापासून तीसेक-चाळीसेक मीटरवर फळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. दीडशे एमपीएच्या वरच्या फायबर काँक्रीटच्या फळ्या बारीक तड्यांवर निभावल्या, शेजारची साध्या काँक्रीटची मोडली. सहा टन. आपल्या टाकीची बात पाव किलोची आहे.

म्हणजे माल खरा आहे. मग मी तिघांनाही "थांबा" का म्हटलं?

पहिलं कारण, तुमच्यातले निम्मे लोक मला सांगतात, "फायबर आमच्याकडे आधीच आहे, फ्लोअरिंगला टाकलंय." टाकलंय, मान्य. ट्रिमिक्सच्या फ्लोअरिंगला घनमीटरला २०-३० किलो, तेही मोठ्या, टोकं वाकवलेल्या तारांचं. ते फोर्कलिफ्टखाली तडे जाऊ नयेत म्हणून. त्या मापाचं फायबर एम २५ मध्ये घालून उभी केलेली भिंत 'फायबर काँक्रीटची' म्हणून विकता येते, आणि कुणी खोटं बोललं असंही म्हणता येत नाही. पत्रकात फायबर किती किलो, कुठल्या मापाचं, वाकवलेल्या बीमचा आकडा किती, यातलं काही नाही. फक्त दाबाची ताकद दिली आहे. दाबाच्या ताकदीचं काय होतं ते वर सांगितलंच.

दुसरं, हा माल साइटवर बिघडवणं फार सोपं आहे. मे महिन्यात, दुपारी दोनला, ट्रान्झिट मिक्सर त्र्यंबक नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आला की ड्रायव्हर पहिली गोष्ट करतो ती पाण्याचा पाइप सोडण्याची. साध्या काँक्रीटला ते पचतं म्हणणार नाही, पण खपतं. इथे पाण्याचं सगळं गणितच पाचव्या हिश्शावर उभं आहे. शिवाय तारा घाईने ओतल्या तर त्यांचे गोळे होतात, चिमणीच्या घरट्यासारखे. गोळा जिथे अडकला तिथे पोकळी आणि बाकीच्या जागी ताराच नाहीत. काँक्रीट ज्या दिशेला वाहत जातं त्या दिशेला तारा लोळतात हेही आहेच. एका टोकातून ओतलं तर तारा एका अंगाला निजलेल्या मिळतात. म्हणून असली भिंत जागेवर ओतण्यापेक्षा कारखान्यात फळ्या पाडून, नीट शेकून आणलेली बरी. आणि फळी आणली तरी सळई हवीच. फायबर तुकडे धरून ठेवतं, भिंत पायाला आणि स्लॅबला धरून ठेवायचं काम सळईचंच. सांध्यात कंजुषी केली तर अख्खी फळी न फुटता उडेल, एवढाच फरक.

तिसरं कारण आगीचं, आणि यावर मी जरा थांबणार आहे. आपल्या जिल्ह्यात मुंढेगावजवळच्या जिंदालच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. स्फोट क्षणाचा होता, आग कितीतरी तास चालली. भारी काँक्रीट इतकं घट्ट असतं की आतल्या ओलाव्याची वाफ झाली तर तिला बाहेर यायला वाट नसते. मग पृष्ठभागाच्या खपल्या फटाक्यासारख्या उडतात. नोव्हेंबर १९९६ मध्ये इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यात मालगाडी पेटली तेव्हा तिथलं भारी काँक्रीटचं अस्तर असंच झडलं होतं. यावरचा तोडगा गमतीचा आहे. घनमीटरला एक-दोन किलो पॉलिप्रॉपिलीनचे बारीक धागे. ते १६०-१७० अंशांना वितळतात आणि वाफेला पळून जायला केसाएवढ्या वाटा सोडून जातात. पोलादी तार स्फोटासाठी, प्लॅस्टिकचा धागा आगीसाठी. पत्रकवाल्याला मी फोन करून विचारलं, पीपी फायबर किती घालता? तो म्हणाला, "सर, आमचं प्लॅस्टिक नाही, प्युअर स्टील आहे."

चौथं म्हणजे दार आणि खिडकी. तुमच्यापैकी एकाने मला जागा दाखवायला नेलं होतं. जिथे ही भारी भिंत घ्यायची तिथे मध्ये पाच फुटी ऍल्युमिनियमची सरकती खिडकी राहणार होती, "बॉयलरवर लक्ष ठेवायला". १ जून १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला सायक्लोहेक्झेन हे ज्वालाग्राही रसायन वापरणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. एक रिऍक्टर दुरुस्तीला काढून तात्पुरता पाइप जोडला होता, तो सुटला. २८ माणसं गेली. त्यातली १८ कंट्रोल रूममध्ये होती, खिडक्यांच्या काचा आणि कोसळलेलं छत यांनी घेतलेली. शनिवार होता म्हणून ऑफिस रिकामं होतं, नाहीतर आकडा कुठच्या कुठे गेला असता. भिंत पोलादाची असो, तिच्यात साधी काच असली तर ती काचेची भिंत समजा. खिडकी हवीच असेल तर लहान, लॅमिनेटेड, फ्रेम भिंतीत नीट रोवलेली. नाहीतर सरळ कॅमेरा बसवा. दोन-चार हजारांचं काम आहे.

आता पत्रकात कधीच नसणार अशी गोष्ट. स्फोटाच्या शास्त्रातला सगळ्यात स्वस्त माल म्हणजे अंतर. गणित असं आहे, की अंतर दुप्पट केलं तर तेवढाच दाब यायला स्फोटक आठपट लागतं. पाच मीटरवर पाव किलो जेवढा दाब आणतं तेवढा दहा मीटरवर आणायला दोन किलो लागतील. १९९७ च्या त्या बाकड्याला मी भिंतीजवळून उचलून शेडच्या पलीकडच्या टोकाला, कडुनिंबाखाली ठेवलं असतं तर नऊ इंची वीटही पुरली असती. २००५ साली अमेरिकेत टेक्सस सिटीच्या रिफायनरीत १५ जण गेले. ते प्लांट चालवणारे नव्हतेच. दुसऱ्याच कामासाठी आलेले ठेकेदाराचे लोक, तात्पुरत्या केबिनमध्ये आणि आसपास असलेले. गळतीच्या जागेपासून सगळ्यात जवळची केबिन चाळीस मीटरच्याही आत होती. केबिनच्या जागेची तपासणी नीट पुरी झालीच नव्हती. आपल्याकडेही ठेकेदाराच्या माणसांना बसायला जागा कुठे मिळते? बॉयलरशेजारी. हिवाळ्यात ऊब असते म्हणून.

छपराचंही बघा. सगळ्या बाजूंनी भक्कम खोली बांधली तर धक्का आत घुसळत राहतो आणि सगळ्यात कच्च्या जागेतून फुटतो. कच्ची जागा कोणती ते आपण ठरवलेलं बरं. माणसांकडचं अंग धरून तीन भिंती भक्कम, आणि वर हलका पत्रा किंवा मोकळ्या मैदानाकडची बाजू मुद्दाम कमजोर. मैदानाकडची म्हणजे खरोखर मैदानाकडची, शेजारच्या युनिटच्या पार्किंगकडची नव्हे. अंबडला एकाने "ती बाजू तर त्यांची आहे" म्हणून मला हसत हसत दाखवली होती. मला हसू आलं नाही.

काही जण म्हणतील, कोड काय सांगतो? जमिनीवरच्या स्फोटांसाठी इमारतींचा भारतीय कोड आहे, आयएस ४९९१, मूळ १९६८ सालचा. पण तो मुळात लिहिला गेला तेव्हा या जातीचं काँक्रीट जन्मालाच आलेलं नव्हतं. म्हणून या कामाला कोड वाचणारा नव्हे, स्फोटाचा हिशेब करता येणारा स्ट्रक्चरल इंजिनियर लागेल. चेन्नईच्या सीएसआयआर-एसईआरसी या सरकारी बांधकाम-संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अशा काँक्रीटवर काम चालतं. आणि दिंडोरी रोडला आपली मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, निदान मटेरियलचे प्रश्न विचारायला चेन्नईपर्यंत जायची गरज नाही.

पैशांचं मी लिहीत नाही. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच, की अख्ख्या बॉयलर हाउसला ही भिंत घेऊ नका. आधी नकाशा काढा आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी माणसं कुठे बसतात तिथे तिथे टिंब टाका. शिफ्ट बदलताना, डबा खाताना, पाऊस आला की आडोशाला कुठे उभी राहतात, ठेकेदाराची माणसं तंबाखू कुठे मळतात. यातली निम्म्याहून जास्त टिंबं उचलून लांब ठेवता येतात. उरली ती, जी हलवताच येत नाहीत, जसा पॅनेलवरचा ऑपरेटर, त्याच्यापुरतीच पाच-सात फळ्यांची भिंत घ्या, चांगली घ्या, आणि फळीबरोबर वाकवलेल्या बीमचा रिपोर्ट मागा. माझ्याकडूनच करून घ्या असं नाही. पण क्यूबचा नुसता आकडा दाखवला तर पत्रकवाल्याला बाहेरची वाट दाखवा.

आणि त्याहीआधी, उद्या सकाळी, टाकीचा ड्रेन कॉक उघडून बघा. पत्र्याची जाडी मशीन लावून मोजून घ्या, भिंतीच्या मानाने चिल्लर खर्च आहे. टाकीची दाबाची टेस्ट करायची तर पाण्यानेच करा, हवेने नको. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी पाणी नुसतं सांडतं. हवा सांडत नाही.

येत्या शनिवारी दुपारी चारला लॅबमध्ये तीन क्यूब फोडणार आहे. एक एम २५ चा, एक एम ८० चा, एक त्या घाण्यातला उरलेला. ज्या तिघांनी पत्रक पाठवलं त्यांनी तर याच, बाकीच्यांनीही या. येताना सेफ्टी ऑफिसरला नको, बॉयलर अटेंडंटला आणा. चष्मे माझ्याकडे आहेत. दुसऱ्या क्यूबच्या वेळी चहाचे कप जाळीपासून लांब ठेवा.

आपला,
सातपूरचा एक क्यूब फोडणारा